'ची'ला दैव म्हणावं का?

प्रश्न असा: चिगोझी ओबिओमा यांच्या 'ॲन ऑर्केस्ट्रा ऑफ मायनॉरिटीज' (२०१९) या कादंबरीतला काही भाग मराठीत आणताना इग्बो या नायजेरियातल्या भाषेतल्या 'ची' (माणसाबरोबर जन्मभर असणारा त्याचा आत्मलोकातला सोबती) या शब्दासाठी 'दैव' लिहावं की 'नशीब'? आणि शब्द तसाच ठेवला तर त्याचं लिंग कोणतं?

माझं मत, दोन्ही नकोत. नायजेरियातल्या उमुआहियाचा कोंबडीपालक चिनोन्सो श्रीमंत घरातल्या न्दालीच्या प्रेमात पडतो. शिक्षण नाही म्हणून तिच्या घरचे त्याला झिडकारतात. पदवी मिळवायला तो वडिलोपार्जित घर विकून उत्तर सायप्रसला जातो आणि तिथे पोचल्यावर आपण फसवले गेलो हे त्याला कळतं. हे सगळं सांगतो त्याचा ची, तोही परमेश्वर चुक्वूपुढे उभा राहून, आपल्या माणसाची बाजू मांडत. आता इथे 'दैव' घालून बघा. मराठीत दैव फळतं, रुसतं, आड येतं. ते कुणासाठी गयावया करत नाही. 'नशीब' तर अरबीतून आलेलं, मुळात 'वाटा'. वाट्याला आलेली गोष्ट बोलणार कशी? शिवाय हे शब्द घातले की न्दालीच्या घरच्यांनी केलेला अपमानही कपाळावर लिहिलेला ठरतो. तो पैशाच्या गुर्मीतून आलेला आहे, आणि अनुवादात तो तसाच दिसला पाहिजे.

सटवाईशी तुलना सुचते खरी. पण सटवाई सटीच्या रात्री येते, लिहिते आणि जाते. ची जन्मभर सोबत असतो. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी त्याचं वर्णन माणसाचं आत्मलोकातलं दुसरं रूप असं केलं आहे. इग्बो म्हण आहे, 'ओन्ये क्वे, ची या एक्वे': माणूस हो म्हणाला की त्याचा ची हो म्हणतो. आधी होकार माणसाचा! आपल्या 'दैव देतं आणि कर्म नेतं'शी ही ताडून पाहण्यासारखी आहे. (इग्बोत 'ची' म्हणजे दिवसही. रात्री निरोप घेताना 'का ची फो' म्हणतात, म्हणजे 'उजाडू दे'. मला हे फार आवडतं.)

मराठीत सगळ्यात जवळचा शब्द 'पाठीराखा'. पण तो भाऊही असतो आणि विठ्ठलही. एकेका माणसाबरोबर जन्माला येणं त्यात नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात 'ची, जन्माबरोबर आलेला पाठीराखा' असं लिहावं, पुढे नुसतं 'ची'. दीर्घच, कारण ऱ्हस्व लिहिलं की लग्नपत्रिकेतलं 'चि.' डोळ्यांपुढे येतं.

लिंगाचं म्हणाल तर इग्बोत व्याकरणिक लिंग नाही, निवड आपलीच. ईकारान्त म्हणून स्त्रीलिंगी केला की 'चिनोन्सोची ची' होतं आणि वाचणारा अडखळतो. पुल्लिंगी करा: 'चिनोन्सोचा ची'. पाठीराख्याशीही जुळतं आणि रूपं 'हत्ती'सारखी सरळ चालतात, चीने, चीला, चीचा.

'दैवाने त्याला सावध केलं' हे वाक्य मराठीत उभंच राहत नाही. 'त्याच्या चीने त्याला सावध केलं, त्याने ऐकलं नाही' हे राहतं.