पुरावा म्हणून पाठवलेलं पान

प्रश्न : मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर राहिला. मामाच्या बेदाण्याच्या धंद्याची वेबसाइट सांभाळतो आणि रात्री एकपर्यंत होस्टिंगचे, म्हणजे साइट ज्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे त्याचे, आलेख बघत बसतो. दिलेल्या जागेतली निम्मीही वापरलेली नाही, मग बघायचं काय? मी लॅपटॉप काढून घेतला आहे. बीएस्सी सोडून पुन्हा सीईटी द्यावी आणि इंजिनिअरिंगला जावं असं मला वाटतं. त्याच्या वहीतल्या पानाचा फोटो जोडत आहे.
– एक पालक, पंचवटी, नाशिक

उत्तर : राहिलेल्या पेपरची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटली ती तुमच्या पत्राची. मुलगा काय करतो हे तुम्ही सविस्तर लिहिलंत, पण ‘का करतो’ असं त्याला विचारल्याचं पत्रात कुठेच नाही. उलट त्याच्या वहीचं पान त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मला पाठवलंत. त्याला हे कळलं, तर तो पुढे तुम्हाला काही दाखवेल का?

ते पान मी नीट वाचलं. रात्री 11:40, एंट्री प्रोसेस (साइटच्या एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या विनंत्या) 20 पैकी 20, साइटवर 508 एरर, म्हणजे मर्यादा संपल्याचा संदेश. खाली नोंद : अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (साइटवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) लॉगिनच्या पानावर एकाच आयपी अ‍ॅड्रेसवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) सतत विनंत्या, तो ब्लॉक केला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी 20 पैकी 3. लक्षण, कारण, उपाय आणि उपाय लागू पडला का याची पडताळणी, असं सगळं ओळीने लिहिलं आहे. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही!

आता तुमच्या जागेच्या हिशोबाबद्दल. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात. एकाने सगळी ताकद खाऊ नये म्हणून प्रत्येक खात्याला सीपीयू, मेमरी, एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस, डिस्कवरची वाचणं-लिहिणं आणि फायलींची संख्या यांची वेगवेगळी मर्यादा असते. डिस्क निम्मी रिकामी असतानाही साइट बंद पडते ती यातली दुसरीच मर्यादा गाठल्यामुळे. अशा वेळी पुष्कळ जण सरळ महागडा प्लॅन घेतात. मग वाढवून घेतलेली मर्यादाही पासवर्ड शोधणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, खातात. तुमच्या मुलाने मामाचा तो खर्च वाचवला.

तेव्हा लॅपटॉप आजच परत द्या. दुसऱ्या वर्षातून उठवून सीईटीला बसवणं मला साफ नामंजूर आहे. बीएस्सीनंतर एमसीएची सीईटी आहे, लिनक्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या (सर्व्हर सांभाळण्याच्या) परीक्षा आहेत, थेट नोकरीही आहे. आणि मामांना सांगा, या कामाचे दरमहा पैसे द्या, पावतीसह.

हे पुढचं तुमच्या मुलासाठी, त्याला वाचायला द्या. रात्री एकपर्यंत आलेखाकडे बघत बसू नकोस. साइट पडली की मोबाइलवर सूचना येईल अशी सोय कर आणि झोप. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर असेल तर त्याचं क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं आपोआप चालवणारी सोय, भेट देणाऱ्यांच्या विनंतीवर चालतं. ते बंद करून होस्टिंगच्या पॅनलमधून ठरावीक वेळी चालव, प्रोसेसवरचा ताण आणखी उतरेल. राहिलेल्या पेपरात प्रोसेस, शेड्युलिंग, मेमरी हेच विचारतात, म्हणजे तू रोज बघतोस तेच. पुस्तक उघडून स्वतःच्या नोंदी शेजारी ठेव आणि 508 आला त्या क्षणी आत काय घडत होतं ते एका पानात लिहून काढ. लिहिलंस की मला पाठव, मी तपासून देईन.