नेट सगळ्यांना मिळालं, आता फाइल्सचं बघू

यावेळी आलेल्या प्रश्नांची गंमत अशी की निम्मे वाचक विचारतायत घरात सगळ्यांना नेट कसं पोचवायचं, आणि उरलेले विचारतायत फोटो उडाले, फाइल्स गेल्या, आता काय. दोन्हीकडे मूळ घरातला तो एकच कॉम्प्युटर, म्हणून एकत्रच घेतलेत. सारख्या प्रश्नांचा एकच केलाय, चालवून घ्या.

प्रश्न : नेटची केबल थेट डेस्कटॉपला लावलेली आहे, राउटर नाही. रोज युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्ट करतो. आता घरातल्यांना मोबाइलवर, लॅपटॉपवर पण नेट हवंय. डेस्कटॉपवरून वाटता येईल का?

उत्तर : येईल. पण माझं मत आधीच सांगून टाकतो, चार दिवस निभावून न्यायचं असेल तर डेस्कटॉपवरून वाटा, कायमचं असेल तर सरळ राउटर घ्या.

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात मोबाइल हॉटस्पॉट. कुठलं कनेक्शन वाटायचं ते निवडा, एडिट दाबून नाव आणि पासवर्ड स्वतःचा टाका, स्विच ऑन करा. एकावेळी ८ डिव्हाइस जोडता येतात. डेस्कटॉपमध्ये वायफाय पाहिजे मात्र, जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा नसतं, मग यूएसबीचा छोटा डोंगल लावावा लागतो.

तुमच्याकडे युजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन आहे ना, तिथे कधीकधी घोळ होतो, मोबाइल हॉटस्पॉटला जोडला जातो पण नेट काही चालत नाही. मग हॉटस्पॉट चालू ठेवून जुनी पद्धत करून बघा. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडा, ज्या आयकॉनवरून कनेक्ट करता त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, पहिल्या चौकोनात टिक, आणि खालच्या यादीत हॉटस्पॉटचं लोकल एरिया कनेक्शन निवडा. ही सोय विंडोज ९८ च्या सेकंड एडिशनपासून, म्हणजे १९९९ पासून आहे आणि अजून त्याच कोपऱ्यात पडून आहे. असं वाटप सुरू झालं की डेस्कटॉपच छोटा राउटर होतो आणि आतल्या बाजूला स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) घेतो. मोबाइलच्या वायफाय डिटेल्समध्ये गेटवे म्हणून हा आकडा दिसत असेल तर मोबाइल डेस्कटॉपपर्यंत नीट पोचलाय, अडलंय ते त्याच्या पुढे.

आता यातलं दुखणं. डेस्कटॉप झोपला की सगळ्यांचं नेट गेलं, अपडेट होऊन रीस्टार्ट झाला की गेलं, कुणी शहाण्यासारखा शटडाउन केला की घरभर बोंबाबोंब. शिवाय कुणीच जोडलेलं नसलं की विंडोज वीज वाचवायला हॉटस्पॉट आपणहून बंद करतं, त्याचा पॉवर सेव्हिंगचा स्विच तिथेच आहे तो ऑफ करा.

राउटर घेतलात तर केबल वॅन लिहिलेल्या पोर्टात जाते, बाकीच्या चारात नाही, ही गडबड अगदी नेहमीची. राउटरच्या सेटअपमध्ये पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डवाल्या कनेक्शनचा प्रकार) निवडून तेच युजरनेम-पासवर्ड टाका, मग डेस्कटॉपवरचा तो आयकॉन लागणारच नाही. सगळं बरोबर करूनही कनेक्ट होत नसेल तर कंपनीने तुमच्या डेस्कटॉपच्या नेटवर्क कार्डाचा नंबर बांधून ठेवलेला असू शकतो, बऱ्याच राउटरमध्ये मॅक क्लोन नावाचा पर्याय असतो तो डेस्कटॉपवरूनच दाबा नाहीतर कंपनीला फोन करून नंबर बदलून घ्या. राउटरचा आलेला अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (वायफायचा पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. आणि स्पीड वाढेल म्हणून राउटर घेऊ नका, मूळ लाईनच ढिली असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

प्रश्न : मोबाइलमधले फोटो वायफायने कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकायचे आहेत. दोन्हीवर नेट मस्त चालतं पण मोबाइलला कॉम्प्युटर दिसतच नाही. घरात दोन राउटर आहेत, दुसरा आतल्या खोलीसाठी लावला.

उत्तर : या वाचकांनी दोन्हीचे पत्ते पण पाठवलेत, त्यामुळे लगेच कळलं. कॉम्प्युटरचा १९२.१६८.०.१०५ आणि मोबाइलचा १९२.१६८.१.७. तिसरा आकडा बघा, एकाचा ० आणि दुसऱ्याचा १. म्हणजे दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं घर मांडलंय, बाहेरचं नेट दोघांना मिळतं पण मोबाइलला शेजारचा कॉम्प्युटर काही यादीत दिसत नाही. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका (म्हणजे तो फक्त वायफाय देईल, वेगळं घर मांडणार नाही), बहुतेकांत तो पर्याय असतो, नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याशी भांडणार नाही असा ठेवा, आणि पहिल्याकडून आलेली केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा. मग सगळ्यांना एकाच राउटरकडून पत्ते मिळतील.

तरी दिसला नाही तर विंडोजमध्ये हे नेटवर्क पब्लिक आहे का बघा, घरच्यासाठी प्रायव्हेट करा. आणि मोबाइल गेस्ट वायफायला तर नाही ना? गेस्ट वायफाय मुळात पाहुण्यांना घरातली मशीन दिसू नयेत म्हणूनच असतं.

प्रश्न : डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सगळं वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये होतं. लॅपटॉपची जागा भरली म्हणून जुने फोटो लॅपटॉपवरून डिलीट केले, क्लाउडवर आहेतच म्हणून. आता क्लाउडवर पण नाहीत. बॅकअप होता ना?

उत्तर : नव्हता. वाईट वाटेल ऐकून, पण तो सिंक होता. सिंकचं काम एवढंच की दोन्हीकडे सारखं ठेवायचं, इकडे टाकलं की तिकडे आलं, आणि इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. तुम्ही जे सांगितलंत ते त्याने इमानेइतबारे केलं.

आधी हे करा, बाकीचं वाचणं राहू द्या. ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या साइटवर जा आणि तिथला रिसायकल बिन उघडा, लॅपटॉपवरचा नव्हे, साइटवरचा. पर्सनल अकाउंटला डिलीट केलेलं ३० दिवस तिथे राहतं. गूगल ड्राइव्हच्या बिनमध्ये पण ३० दिवसच. जागा करायची होती तर फोल्डरवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस दाबायचं होतं, त्याने फाइल लॅपटॉपवरून जाते आणि क्लाउडवर राहते. पण मग काय झालं? फाइल फक्त क्लाउडवर उरली, म्हणजे परत एकच कॉपी.

मी बॅकअप कशाला म्हणतो सांगू का, एका चुकीने, एका व्हायरसने किंवा एका चोरीने दोन्ही कॉपी जात असतील तर ती एकच कॉपी धरायची. सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर टाकून निवांत बसलेले लोक बघितले की मला काळजी वाटते, बहुतेक वेळा ती एकाच डिस्कची दोन नावं असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकांपर्यंत पोचवलेला ३-२-१ चा हिशोब आहे, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती माणसाला एक कॉम्प्युटरवरची, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर, एवढं पुरतं.

हार्ड डिस्कसाठी विकत काही घ्यायला नको, विंडोज ८ पासून फाइल हिस्टरी नावाची बॅकअपची सोय आतच आहे, ११ मध्ये कंट्रोल पॅनेलमधून उघडा. डिस्क जोडलेली असेल तर दर तासाला बदललेल्या फाइल्सची कॉपी घेतं आणि जुन्या आवृत्त्याही ठेवतं, म्हणजे परवाची बिघडलेली एक्सेल फाइल तेरवाच्या अवस्थेत परत मिळते. मेख अशी आहे की डेस्कटॉपसारखे काही ठरलेले फोल्डर सोडले तर ते आपणहून विंडोजच्या लायब्ररी नावाच्या यादीत असलेलेच फोल्डर धरतं. डी ड्राइव्हवर कौटुंबिक फोटो नावाचा फोल्डर असेल तर त्याला राइट क्लिक करून लायब्ररीत घाला नाहीतर तो वर्षानुवर्षं बाहेरच राहील आणि तुम्हाला वाटत राहील की झालाय बॅकअप. मॅकवाल्यांकडे २००७ पासून टाइम मशीन आहे, डिस्क जोडली की विचारतं, हो म्हणा.

प्रश्न : नवीन पेनड्राइव्हमध्ये भरपूर जागा रिकामी आहे तरी लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना फाइल मोठी आहे म्हणतो.

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट३२ नावाच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट झालेला आहे, त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, जागा कितीही असो. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आणि लग्नाच्या व्हिडिओची एकमेव कॉपी पेनड्राइव्हवर ठेवू नका, ने-आण करायला ठीक आहे ते.

प्रश्न : क्लाउड बॅकअप सुरू केल्यापासून घरातलं सगळं नेट मेल्यासारखं झालंय, व्हिडिओ कॉल तर होतच नाही. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि बॅकअप २०० जीबीचा.

उत्तर : तो १०० चा आकडा डाउनलोडचा असेल, अपलोड बघा, बऱ्याच प्लॅनमध्ये ते खूप कमी असतं. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे, तर २०० जीबी वर जायला साधारण ४४ तास लागतात, तेही लाईन पूर्ण फक्त बॅकअपला मिळाली तर. आणि तुम्ही काही बघत असताना डेटा खाली येतो तेव्हा मिळालं-मिळालं अशा पावत्या वर जात असतात, वरचा रस्ता बॅकअपने तुंबवला की पावत्या अडकतात, मग समोरचा हळू पाठवतो. म्हणून नुसतं डाउनलोडही रखडतं, आणि व्हिडिओ कॉलला तर स्वतःचं अपलोड लागतंच.

उपाय सोपा आहे, वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये अपलोडचा वेग बांधता येतो, गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्येही. फक्त वनड्राइव्ह तो आकडा केबी पर सेकंदमध्ये मागतं आणि कंपनी सांगते एमबीपीएस, मध्ये आठाचा भागाकार आहे. १० एमबीपीएस म्हणजे १२५० केबी, त्यातले ६०० दिलेत की बाकीच्यांचं चालू राहील. पहिला फेरा आठवडाभर चालू दे, नंतर नवीन आणि बदललेलंच जातं. हो आणि गूगलचे फुकटचे १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांचे मिळून आहेत, वनड्राइव्हचे फुकटचे ५. २०० जीबी त्यात मावणार नाहीत, विकत जागा घेतलीय ना बघा.

प्रश्न : राउटरच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावलीय, सगळ्यांनी तिथे बॅकअप टाकायचा म्हणून. विंडोज १० मधून उघडत नाही, एसएमबी १ चालू करा असा सल्ला मिळाला. करू का?

उत्तर : नको. एसएमबी ही नेटवर्कवरून फाइल्स देण्याघेण्याची भाषा, तुमच्या राउटरला तिची जुनी, पहिलीच आवृत्ती कळते आणि विंडोज १० ने २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये देणं बंद केलं, त्याला कारण आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय आला, जगभर कॉम्प्युटरवरच्या फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागत होता, आणि तो एका मशीनवरून दुसऱ्यात शिरत होता ते याच एसएमबी १ मधल्या भोकातून. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून बघा, त्यात एसएमबी २ किंवा ३ आलं असेल तर उत्तम. नसेल तर डिस्क काढून कॉम्प्युटरलाच लावा.

दुसरं असं की अशी चोवीस तास सगळ्यांना उघडी असलेली डिस्क बॅकअपसाठी मला फारशी आवडत नाही. रॅन्समवेअर, म्हणजे वॉनाक्रायसारखं खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं तर जिथे जिथे त्याला लिहिता येतं तिथल्या फाइल्स ते कुलूपबंद करतं, मग ती डिस्क यूएसबीने जोडलेली असो की नेटवर्कवरून. आठवड्यातून एकदा लावा, बॅकअप होऊ द्या, इजेक्ट करा, कपाटात ठेवा. फाइल हिस्टरी मग दर तासाला होणार नाही हे खरं, पण फोटोंसाठी आठवड्याचा हिशोब पुरे, रोज काम करत असाल तर दोन डिस्क ठेवा आणि आलटून पालटून लावा.

प्रश्न : लॅपटॉप बंद पडला, आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर ४८ आकडी की मागतेय. मी कधी पासवर्ड टाकलाच नव्हता!

उत्तर : बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कीशिवाय वाचता येत नाही अशी होते, कुणी ठळकपणे विचारतही नाही. चांगली बाजू अशी की अशा वेळी की बहुतेक त्याच अकाउंटमध्ये जमा असते, दुसऱ्या मशीनवरून अकाउंटच्या साइटवर लॉगइन करून डिव्हाइसच्या खाली रिकव्हरी की शोधा. घरातल्या ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्याचं अकाउंट पण तपासा, की तिथे सापडण्याची शक्यता जास्त. कुठेच नसेल तर त्या डिस्कवरचं परत मिळत नाही, डेटा रिकव्हरीवाल्यांकडेही त्यावर तोडगा नाही. ज्यांचा लॅपटॉप अजून ठणठणीत आहे त्यांनी ती की आजच कागदावर उतरवून ठेवा.

प्रश्न : वडिलांचं जुनं लिखाण वर्डमध्ये आहे, मराठीतच आहे, पण नव्या लॅपटॉपवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात. बॅकअप खराब झाला का?

उत्तर : नाही नाही, फाइल शाबूत आहे. ते युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे सारख्या चालणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, श्रीलिपी, कृतिदेव किंवा तसल्याच कुठल्यातरी. त्या पद्धतीत फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. जुना कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल तर त्याच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर अख्खा कॉपी करून घ्या, त्याच फाइल्सच्या शेजारी ठेवा. फॉन्टचं नाव वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट केला की वरच्या चौकटीत दिसतं, फॉन्ट हाताशी नसला तरी दिसतं. तो इन्स्टॉल करून आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, आणि पीडीएफ शेजारी उघडी ठेवून जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी तेवढी डोळ्याखालून घाला, कन्व्हर्टर तिथेच माती खातात. मूळ फाइल्स मात्र पुसू नका.