तर्री-पोह्याचा ठेला लावतोस तर

भाऊ, आधी तर्री जमव, म्हणजे पोह्यांवर ओतायचा हरभऱ्यांचा तिखट रस्सा, बाकी मग पाहू. हरभरे आदल्या रात्रीच भिजत घाल. सोड्याच्या नादी लागू नको, सालं सुटून रस्सा गढूळ होतो. कांदा-खोबरं काळपट भाज, वाटण तेल सुटेपर्यंत परत, मग पाणी उकळतंच ओत. मी थंड ओतायचो. तवंगच यायचा नाही, पहिला महिना फिका गेला. मिरची भिवापुरी मिळाली तर सोडू नको. नागपूर जिल्ह्यातली ही मिरची, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनवाली.

पोहे थोडे थोडेच भिजव. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच शेतात जातात, मग पातेलं तसंच राहतं. बाजाराच्या दिवशी मात्र दुप्पट लागतात. उधारी कापूस विकल्यावरच येते, वही ठेव. दोघं-तिघं तरीही बुडवतातच.