शिराझ शहराचा सांस्कृतिक वारसा काय आहे आणि तिथली कोणती माणसं प्रसिद्ध आहेत?

सादी आणि हाफिज, फारसीतले दोन मोठे कवी. शिराझमधून हे दोघे वजा केले तर फारसं काही उरत नाही, असं माझं मत. मशिदी आणि बागा काय, इराणात इतरत्रही सुंदर आहेत.

सादी हा फिरस्ता. वर्षानुवर्षं भटकून तो गावी परतला आणि १२५८ साली त्याने ‘गुलिस्तान’ हे पुस्तक पूर्ण केलं. त्याच वर्षी मंगोल सेनानी हुलागूने बगदाद धुळीला मिळवलं. शिराझ वाचलं, कारण तिथल्या अताबेगांनी, म्हणजे स्थानिक राज्यकर्त्यांनी, मंगोलांना आधीच खंडणी कबूल केली होती.

पुढच्या शतकातला हाफिज मात्र घरकोंबडा. त्याला दख्खनचंही बोलावणं आलं होतं! बहमनी सुलतान दुसऱ्या महंमदशहाच्या दरबारातले मीर फज्लुल्ला इंजू शिराझचेच; त्यांनी वाटखर्चाला पैसे धाडले. हाफिजने थोडे घरच्यांना दिले, थोडे सावकारांना, उरलेले वाटेत भेटलेल्या एका लुटल्या गेलेल्या मित्राला. कसाबसा होर्मुझच्या बंदरात पोचला, जहाजात चढला आणि वादळ सुटलं. स्वारी उतरली ती थेट घरी. दख्खनला गेली फक्त एक गझल. हे सांगतो तो फरिश्ता, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीत वाढलेला आणि पुढे विजापुरात इतिहास लिहिणारा. घटनेनंतर दोनेकशे वर्षांनी लिहिलंय, तेव्हा तिखटमीठ धरून चाला.

हाफिज आला नाही, पण इतर शिराझी आले. फतहुल्ला शिराझी आधी विजापूरच्या आदिलशाहीत होता, मग अकबराकडे गेला. अकबराचं इलाही कॅलेंडर त्यानेच बसवलं. ताजमहालावरच्या सुलेखनात ज्याची सही आहे तो अमानत खानही शिराझचाच. तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा मात्र इराणातच राहिला.

इमारतींचं म्हणाल तर अठराव्या शतकात करीमखान झंदने इथे राजधानी केली. त्याने ‘शाह’ न म्हणवता ‘वकील’, म्हणजे प्रतिनिधी, म्हणवून घेतलं, म्हणून बाजार, मशीद, हमाम सगळं ‘वकील’. इन्स्टाग्रामवर दिसते ती रंगीत काचांची नासिर-उल-मुल्क मशीद १८८८ची, तशी अलीकडचीच. हाफिजच्या कबरीवरची छत्री तर १९३०च्या दशकातली, आराखडा आंद्रे गोदार या फ्रेंच माणसाचा. पर्सेपोलिस ही प्राचीन इराणी राजधानी साठेक किलोमीटरवर आहे, पण ते शिराझच्या खात्यात घालू नका. त्याचा काळच वेगळा.

वाचायचं असेल तर ‘गुलिस्तान’पासून सुरुवात करा. छोट्या गोष्टी आहेत, भाषांतरातही टिकतात. हाफिजचं भाषांतरात बरंच सांडतं.