देवगडच्या आंबा पेढीवर अजून आउटलुक २०१३ चालतं. मेल उघडलाच नाही तरी धोका असतो का?

हो, असतो. मार्च २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या आउटलुकमधलं असंच एक सुरक्षेतलं छिद्र बुजवलं: हल्लेखोराने पाठवलेल्या मेलमधल्या रिमाइंडरच्या आवाजाच्या फाइलचा पत्ता त्याच्याच सर्व्हरचा असायचा, रिमाइंडर वाजताना आउटलुक आपणहून तिथे जायचं आणि तुमच्या विंडोज लॉगिनचा हॅश (पासवर्डपासून बनलेली सांकेतिक खूण) त्याच्या हाती पडायचा. क्लिकची गरजच नाही. ते अपडेट २०१३लाही मिळालं, पण एप्रिल २०२३मध्ये त्या आवृत्तीचा सपोर्ट संपला. नंतरची छिद्रं उघडीच. इकडच्या पेढ्यांवरचे संगणक मी सांभाळतो, ऐन सीझनमध्ये अपडेट हमखास मागे पडतं. कृपया पुढे ढकलू नका, ऑर्डरी आणि बँकेचे मेल त्याच मशिनवर असतात. नवी आवृत्ती परवडत नसेल तर मेल ब्राउझरमध्ये वाचा. मात्र अनोळखी ‘बिला’ची फाइल उतरवून चालवलीत, तर तिथेही धोका आहेच.