हक्क सोडणारे चालक आणि हक्काने जाणारे चालक

तुम्ही लिहिले आहे की ब्रिटनमध्ये राहणारा तुमचा भाऊ तिकडच्या चालकांच्या सौजन्याचे गोडवे गातो, जर्मनीतला मित्र मात्र इथली माणसे गाडीत बसली की तापट आणि हेकेखोर होतात असे सांगतो; तेव्हा कुटुंबासह जर्मनीला येताना गाडी चालवण्याची धास्ती बाळगावी का, असा तुमचा प्रश्न आहे. मी ब्रिटनमध्ये चार वर्षे गाडी चालवली आणि गेली सात वर्षे जर्मनीत चालवतो आहे. दोघेही खरेच सांगत आहेत, पण दोघांनाही दिसले ते अर्धेच. ब्रिटनमध्ये सौजन्य म्हणजे आपला हक्क दुसऱ्यासाठी सोडणे. जर्मनीत सौजन्य म्हणजे हक्क कोणाचा आहे हे ओळखणे आणि तो आपला असेल तर वेळ न घालवता पुढे जाणे. एका देशाची सवय दुसऱ्या देशात नेली की माणूस उर्मट तरी ठरतो किंवा गोंधळलेला तरी, आणि मी हे दोन्ही ठरलेलो आहे.

ब्रिटनमधल्या जुन्या वस्त्यांत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात आणि मधे जेमतेम एका गाडीपुरती वाट उरते. समोरून गाडी आली की दोघांपैकी एक जण आधीच एखाद्या मोकळ्या जागेत शिरतो, दिवे एकदा उघडझाप करतो आणि दुसऱ्याला येऊ देतो. जाणारा स्टिअरिंगवरून चार बोटे उचलून आभार मानतो आणि थांबलेलाही बोटे उचलून त्याची पोच देतो. सगळे मिळून दोन सेकंदांचे काम, पण ते न करणारा माणूस तिथे मनातून उतरतो. (आमचा मुलगा मागच्या आसनावरून सर्वांना हात करायचा; त्या वयात त्याला तो खेळच वाटे.) मौज अशी की, तिथल्या अधिकृत नियमपुस्तिकेप्रमाणे दिव्यांची उघडझाप फक्त ‘मी इथे आहे’ एवढेच सांगण्यासाठी करायची असते. ‘तुम्ही या’ हा अर्थ लोकांनी आपसांत ठरवून टाकला आहे. त्यामुळे दिवे पाहून पुढे निघालात आणि धडक झाली, तर ‘त्याने दिवे दाखवले होते’ हे कारण तुमच्या कामी येईल असे समजू नका.

आता हाच इशारा तीन देशांत काय सांगतो ते पाहा, कारण सुरुवातीला सर्वांत मोठा धोका मला इथेच वाटतो. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर त्याचा अर्थ बहुधा ‘मी येतो आहे, तू थांब’ असा असतो. ब्रिटनमध्ये नेमका उलटा, म्हणजे ‘मी थांबतो, तू ये’. जर्मनीत ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, मागून दिवे चमकले तर ‘मला पुढे जायचे आहे, बाजूला हो’, आणि वस्तीबाहेर ओव्हरटेकची अशी थोडक्यात सूचना देण्याची मुभा तिथल्या कायद्यातच आहे. मात्र शेपटीला चिकटून सतत दिवे मारत राहणे ही दमदाटी समजली जाते आणि तो फौजदारी गुन्हाही ठरू शकतो. जर्मन शहरांत कधी कधी हीच उघडझाप ब्रिटनसारखी ‘या’ म्हणूनही केली जाते. म्हणून मी दिव्यांवर विसंबत नाही. समोरच्या गाडीची चाके खरोखर थांबली आहेत का, ते पाहतो.

तुमच्या मित्राला हेकेखोरपणा वाटतो तो बहुधा वस्तीतल्या चौकांवरचा. जर्मनीत ज्या चौकात पाटी किंवा सिग्नल नसतो तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. याला ‘रेख्ट्स फोर लिंक्स’ म्हणतात. रस्ता रुंद की अरुंद, तुम्ही सरळ जाता की वळता, याने त्यात काही फरक पडत नाही. ब्रिटनहून आल्यावर पहिल्याच महिन्यात मी अशा एका रस्त्याने सरळ चाललो होतो. उजवीकडच्या गल्लीतून एक राखाडी गाडी माझ्याकडे पुरते न पाहता बाहेर आली आणि मला कचकन ब्रेक लावावा लागला. चालक बाई रागावल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. पाटी कुठे आहे ते शोधणाऱ्या माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी थोड्या कीवेने पाहिले आणि त्या निघून गेल्या. मी थांबणारच, हे त्यांनी गृहीत धरले होते. पुढच्या आठवड्यात मी उलटी चूक केली. हक्क माझा असताना डावीकडच्या माणसाला ब्रिटिश सवयीने हात दाखवून ‘या’ म्हटले. तो जागचा हलला नाही. त्याने तळहात पुढे करून मलाच जायला सांगितले, मी पुन्हा त्याला सांगितले, आणि तोवर माझ्यामागे दोन गाड्या येऊन थांबल्या. माझे सौजन्य तिथे कोणालाच नको होते, कारण मी पुढे काय करणार याचा अंदाज त्यांपैकी कोणालाही येत नव्हता.

एका ठिकाणी मात्र जर्मन माणसालाही हात वापरावाच लागतो. अशा चौकात चारही बाजूंनी एकाच वेळी गाड्या आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतेच आणि नियम स्वतःतच अडकतो. मग कोणीतरी आपला हक्क सोडून दुसऱ्याला खूण करून सांगायचे असते. ते चार चेहरे एकमेकांकडे पाहत काही क्षण थांबतात, ते पाहण्यासारखे असते.

लेन संपते तिथेही असाच गैरसमज होतो. जर्मनीत संपणाऱ्या लेनमधून शेवटपर्यंत जायचे आणि तिथे कपड्याच्या चेनच्या दात्यांप्रमाणे एकाआड एक आत शिरायचे, असा नियमच आहे. त्यामुळे कोणी शेवटपर्यंत पुढे गेले तर तो घुसखोर नव्हे आणि त्याला जागा देणे हे तुमचे कर्तव्य आहे. आधीच थांबून आत शिरू पाहणारा माणूस मात्र मागच्यांचा खोळंबा करतो. ब्रिटनच्या पुस्तिकेतही कमी वेगाच्या गर्दीत आळीपाळीने आत शिरण्याचीच शिफारस आहे, पण तिथली रांगेची शिस्त इतकी मुरलेली की शेवटपर्यंत जाणाऱ्याकडे लोक रांग मोडल्यासारखे पाहतात.

ऑटोबानबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी आहे. अनेक टप्प्यांवर वेगमर्यादा नसते, ताशी १३० किलोमीटर हा केवळ सल्ला असतो. उजवीकडे राहा, ओव्हरटेक डावीकडूनच करा आणि झाला की परत उजवीकडे या. डावी लेन अडवून निवांत चालणे हाच तिथला खरा उद्धटपणा. पुढच्या गाडीपासूनचे अंतर मीटरमध्ये वेगाच्या आकड्याच्या निम्मे ठेवावे, म्हणजे १०० च्या वेगाला ५० मीटर.

माझ्या मते या देशाचे खरे सौजन्य वाहतूक तुंबते तेव्हा दिसते. गाड्या पावलांच्या गतीवर आल्या की सायरन ऐकू येण्याआधीच सर्वांत डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकतात, उरलेल्या सर्व उजवीकडे, आणि मधे रुग्णवाहिकेसाठी गल्ली तयार होते. तिला ‘रेटुंग्सगासे’ म्हणतात. ती न ठेवल्यास २०० युरोंपासून दंड आणि महिनाभर गाडी चालवण्यास बंदी होते, आणि सगळेच काही शहाण्यासारखे वागत नाहीत, हेही खरे. तरी पावसात तासभर अडकलेल्या शेकडो गाड्यांच्या मधोमध ती रिकामी वाट मी पाहिली आहे, आणि त्यानंतर इथल्या चालकांना हेकेखोर म्हणणे मला जमलेले नाही.

हॉर्नची सवय विमानतळावरच सोडून या. जर्मनीत धोका असेल तेव्हा आणि वस्तीबाहेर ओव्हरटेकची सूचना म्हणून, एवढ्यापुरताच तो आहे; एरवी वाजवलात तर समोरच्याला ती शिवी वाटते. आणि खरी शिवी किंवा कपाळावर बोट आपटून ‘डोके ठिकाणावर आहे का’ अशी खूण केली तर ती अपमानाच्या गुन्ह्यात मोडू शकते. ब्रिटनमध्ये वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायचा नसतो.

पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ पासून एक बदल झाला आहे: वळताना, ज्या रस्त्यात शिरायचे तो ओलांडण्यासाठी कडेला कोणी थांबलेले असले तरी त्याला आधी जाऊ द्यावे, असे पुस्तिकेत आले. जर्मनीत वळताना पादचारी आणि सरळ जाणारा सायकलस्वार यांना वाट द्यायची असते, आणि उजवीकडे वळण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहिले नाही तर सायकल दिसतच नाही. सायकलला ओलांडताना वस्तीत किमान दीड मीटर आणि बाहेर दोन मीटर अंतर सोडावे लागते.

परवान्याचे सांगतो. तुमचा भारतीय परवाना जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीतूनही देता येते. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि दृष्टितपासणीही लागते. माझ्या पत्नीने हे ‘नंतर पाहू’ म्हणून पुढे ढकलले आणि सहा महिने उलटल्यावर बराच काळ घरातला एकमेव चालक मी होतो, तेव्हा आल्यावर घर लागले की पहिल्या दोन महिन्यांतच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव नोंदवा. शिकलेले असूनही काही तास मुद्दाम घ्या आणि शिक्षकाला सांगून ते पाटी नसलेल्या चौकांच्या वस्तीतच घ्या.