सेन्सरमुळे हवामानाने होणारा विमानांचा उशीर कमी होईल का?

तुम्ही विचारलंय, विमानतळावर एकमेकांना जोडलेले सेन्सर बसवले तर हवामानामुळे होणारा उशीर कमी होईल का, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी यातलं काय घ्यावं. मी नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, काम करतो. तिथूनच सांगतो.

उशीर कमी होतो. वादळ कधी येणार, कधी सरणार हे नक्की ठाऊक नसलं की प्रत्येक जण हातचा वेळ राखून ठेवतो. सेन्सरमुळे तो राखीव वेळ घटतो, एवढंच.

आमच्याकडे हे सगळ्यात जास्त जाणवतं ते विजांच्या वेळी. मे अखेर ते मृगाच्या सुमारास दुपारी 44-45 अंश आणि संध्याकाळी अचानक गडगडाट. वीज जवळ आली की रॅम्प बंद. इंधन भरणं थांबतं, बॅगांच्या ट्रॉल्या जागच्या जागी सोडून सगळे आत. सर्वांत जास्त धोका हेडसेटवाल्याला. पुशबॅकच्या वेळी, म्हणजे ट्रॅक्टरने विमान मागे ढकलताना, तो विमानाच्या नाकाशी उभा राहून वायरीवरून कॉकपिटशी बोलतो. विमानावर वीज पडली तर ती त्याच वायरीने त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. प्रवासी कितीही वैतागले तरी अशा वेळी त्याला बाहेर पाठवू नये, हे माझं ठाम मत आहे.

खरा घोळ काम पुन्हा कधी सुरू करायचं याचा. नुसत्या कानावर विसंबलं तर शेवटच्या गडगडाटानंतर बराच वेळ ताटकळत बसावं लागतं. वीज पडली की रेडिओ लहरी निघतात. त्या दूरदूरच्या सेन्सरपर्यंत किंचित मागेपुढे पोहोचतात आणि त्या फरकावरून जागा कळते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप अशाच जाळ्यावर चालतं. विजा बुटीबोरीकडून आपल्याकडे येताहेत की कामठीकडे सरकल्यात, हे कळलं तर थांबणंही वेळेवर होतं आणि सुरू करणंही.

धुक्याची गोष्ट वेगळी. धावपट्टीच्या कडेला ट्रान्समिसोमीटर असतो: एका खांबावरून सोडलेला प्रकाश दुसऱ्यापर्यंत किती पोहोचला यावरून दृश्यमानता काढतात. बंगळुरूच्या एनएएल या विमानविषयक सरकारी प्रयोगशाळेने बनवलेला ‘दृष्टी’ हा आपला देशी. पण नेमका आकडा कळून भागत नाही. कमी दिसत असताना यंत्रांच्या मदतीने उतरायच्या पायऱ्यांना ‘कॅट’ म्हणतात. पहिल्या, कॅट-1 पद्धतीने उतरायला साधारण 550 मीटर दिसावं लागतं, दिल्लीत कॅट-3 बीमुळे 50 मीटरवरही उतरता येतं. त्यासाठी धावपट्टीवरची यंत्रणा, विमान आणि पायलट, तिन्ही त्या तयारीचे लागतात.

शिवाय नागपूरचा उशीर पुष्कळदा नागपूरचा नसतोच. जानेवारीत इथे लख्ख ऊन आणि आपलं विमान दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं. दिल्ली विमानतळावर 2015 पासून आयआयटीएम आणि हवामान खातं धुक्याचा अभ्यास करताहेत. धुकं केव्हा उठेल हे तासभर आधी जरी पक्कं कळलं, तरी इथून निघणारं विमान दिल्लीवर घिरट्या घालत इंधन जाळण्याऐवजी इथेच थांबवता येतं.

प्रोजेक्टसाठी मी विजांचाच भाग घ्या म्हणेन. फील्ड मिल नावाचं उपकरण जमिनीजवळचं विद्युत क्षेत्र मोजतं, त्यामुळे पहिली वीज पडायच्या आधीही इशारा मिळू शकतो. त्याला विजांच्या जाळ्याची माहिती जोडा. आणि निकाल ऑफिसातल्या स्क्रीनवर ठेवू नका, रॅम्पवर मोठा लाल-हिरवा दिवा लावा. इंजिनांच्या आवाजात, कानाला हेडसेट लावून उभ्या असलेल्या माणसाला तोच दिसेल.